पंप रूमने स्वतःचा खर्च कधीच काढला नव्हता

इंग्लंडमधल्या चेल्टनहॅममध्ये पिटव्हिल पार्कचा आणि त्यातल्या पंप रूमचा, म्हणजे औषधी पाणी प्यायला बांधलेल्या जुन्या इमारतीचा, विषय निघाला की दोनच सूर ऐकू येतात आणि मला दोन्ही पटत नाहीत. एक सूर असा की पंप रूम म्हणजे कौन्सिलच्या गळ्यातलं लोढणं आहे, एखाद्या हॉटेलवाल्याला नाहीतर रेस्टॉरंटच्या चेनला देऊन टाका, ते नीट चालवतील आणि लोकांचा टॅक्स वाचेल. दुसरा सूर असा की ही ग्रेड वन लिस्टेड, म्हणजे कायद्याने जपलेल्या वारसा इमारतींतली सगळ्यात वरच्या दर्जाची इमारत आहे, तिच्या अंगाला हात लावायचा नाही, कॅफे नको, लग्नं नकोत, पार्टीचा आवाज नको. पहिल्यांना फक्त हिशोबाची वही दिसते, दुसऱ्यांना फक्त खांब दिसतात, आणि या पार्कचा दोनशे वर्षांचा इतिहास दोघांनीही नीट वाचलेला नाही असं मला ठामपणे वाटतं. कारण तो वाचला तर एक गोष्ट लगेच कळते. या इमारतीने स्वतःचा खर्च कधीच काढला नव्हता, अगदी स्पाचा, म्हणजे औषधी पाण्याच्या झऱ्यांचा, धंदा तेजीत होता त्या काळातही नाही. ती आज उभी आहे ती लोकांच्या मालकीची झाली म्हणून. त्यामुळे माझं म्हणणं असं आहे की तिची डागडुजी आणि पार्कचा रोजचा खर्च टॅक्समधून व्हावा, आतला हॉल भाड्याने देऊन जे मिळेल ते खुशाल मिळवावं, पण बाहेरची हिरवळ विकायला काढू नये आणि हॉल रिकामा असेल त्या दिवशी दरवाजा कोणालाही उघडा असावा.

ज्यांनी बघितलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. ग्लॉस्टरशायरमधलं हे गाव, त्याच्या उत्तरेला उतारावर पसरलेलं पार्क, खाली तळं आणि वरच्या अंगाला आयोनिक खांबांची लांब रांग आणि घुमट असलेली पंप रूम. खांबांचं डिझाईन अथेन्समधल्या इलिसस नदीकाठच्या एका मंदिरावरून घेतलेलं, वर एस्क्युलेपियस, हायजिया आणि हिप्पोक्रॅटिस यांचे पुतळे, म्हणजे सगळी आरोग्याशी नातं असलेली ग्रीक मंडळी, कारण इथे खाली विहीर आहे आणि तिचं खारट पाणी पंपाने वर आणून लोकांना औषध म्हणून प्यायला द्यायचे. जॉन फोर्ब्स हा आर्किटेक्ट आणि जोसेफ पिट हा मालक. वकील, बँकर, खासदार असं सगळं एकाच माणसात. १८२५ च्या मे महिन्यात पाया घातला, १८३० मध्ये उद्घाटन झालं आणि खर्च आला ४०,००० पौंडांच्या वर, त्या काळातले ४०,०००.

आता पिटला पाणी विकून श्रीमंत व्हायचं होतं का? अजिबात नाही, त्याला प्लॉट विकायचे होते. आपल्याकडे बिल्डर टाऊनशिपच्या ब्रोशरवर पहिल्या पानावर क्लबहाऊस छापतो तशी ही पंप रूम होती, तिच्याभोवती सुमारे ६०० घरांची आखीव वसाहत काढलेली, चौक, बागा, फिरायचे रस्ते सगळं कागदावर तयार. आणि गणित तेव्हा बरोबरच वाटत असणार, कारण १७८८ मध्ये राजा तिसरा जॉर्ज इथे पाणी प्यायला येऊन राहिला तेव्हापासून गाव फॅशनमध्ये आलं होतं, १८०१ च्या जनगणनेत जेमतेम ३,००० वस्ती होती ती १८५१ ला ३५,००० झाली. पण पायाभरणी झाली त्याच वर्षीच्या डिसेंबरात इंग्लंडमधल्या बँका एकामागोमाग बुडाल्या, बांधकामासाठी पैसा मिळेना, घरं रखडली. पिट १८४२ मध्ये गेला तेव्हा ठरवलेल्या घरांपैकी साधारण एक तृतीयांशच उभी होती आणि डोक्यावर प्रचंड कर्ज. मालमत्ता बँकेकडे गेली. बँकेने ती पुढे जवळजवळ पन्नास वर्षं सांभाळली आणि शेवटी १८९० च्या सुमारास बरो कौन्सिलने ती विकत घेतली. या मधल्या काळात ती खाजगी होती, व्यावसायिक लोकांच्या हातात होती, स्पा म्हणून नाव असलेल्या गावात होती, तरी तिने पैसे मिळवून दिले नाहीत. मग आज "प्रायव्हेटला दिली की धावेल" असं म्हणणाऱ्यांना मी एवढंच विचारेन की साठ वर्षांचा हा प्रयोग करून झालेला आहे, तो कुठल्या पुराव्यावर परत करायचा?

यावर जे सगळ्यात दमदार उत्तर येतं ते मी टाळणार नाही. ते उत्तर म्हणजे, ठीक आहे, तोटा आहे, पण तो कोणाच्या जिवावर? म्हाताऱ्यांची देखभाल, अपंग मुलं, यांना पैसा नाही आणि तुम्ही घुमट रंगवताय? हे ऐकल्यावर कोणालाही गप्प बसावंसं वाटतं आणि वाटायलाच हवं. पण हा वाद ज्या पद्धतीने घातला जातो त्यात एक ढोबळ चूक आहे. चेल्टनहॅमला आजच्या घडीला दोन कौन्सिलं आहेत. वृद्धांची देखभाल, मुलांची जबाबदारी, शाळा, रस्ते हे ग्लॉस्टरशायर काउंटी कौन्सिलकडे, आणि पार्क, कचरा, हाऊसिंग, पंप रूम हे चेल्टनहॅम बरो कौन्सिलकडे. बरोने उद्या पंप रूम विकली तरी तो पैसा आपोआप आजीच्या केअरर कडे जात नाही, ती पाकिटंच वेगळी आहेत. ज्यांना हे माहीत आहे आणि तरी जे सभेत आजींचं नाव पुढे करतात ते लोकांची दिशाभूल करतात. ज्यांना माहीत नाही त्यांना दोष देता येणार नाही, कारण इंग्लंडमधली ही दोन मजली व्यवस्था इथे जन्मलेल्यांनाही नीट सांगता येत नाही.

पण म्हणून प्रश्न संपला असंही नाही. सरकारने आता ही दोन मजली व्यवस्था मोडून एकेकच मोठं कौन्सिल करायचं ठरवलंय, ग्लॉस्टरशायरमध्येही ते होणार, आणि मग सगळी पाकिटं खरंच एक होतील. तेव्हा पार्कची अवस्था काय होईल? इंग्लंडच्या कायद्यात लायब्ररी चालवणं कौन्सिलवर बंधनकारक आहे, कचरा उचलणं बंधनकारक आहे, सोशल केअर तर आहेच, पण पार्क सांभाळणं बंधनकारक नाही. २०१७ मध्ये संसदेच्या समितीने पब्लिक पार्कांवर अख्खा रिपोर्ट केला, पार्कची हालत किती नाजूक आहे ते मान्य केलं, आणि तरी कायदेशीर बंधन घाला अशी शिफारस केली नाही. म्हणजे पैसे कमी पडले की पहिली कात्री कुठे लागणार हे सांगायला ज्योतिषी नको. म्हणूनच मला वाटतं की "केअर की पार्क" ही भाषा आत्ताच मोडून काढायला हवी. आणि ती मोडायला भावनेपेक्षा हिशोबच जास्त कामाचा आहे. पार्कला लागून असलेल्या घरांच्या किमती पार्कमुळे चढतात, एस्टेट एजंट जाहिरातीत पिटव्हिलचं नाव उगाच टाकत नाहीत. पण कौन्सिल टॅक्स अजूनही घरांच्या १९९१ च्या किमतीवर ठरतो, त्यामुळे ती चढलेली किंमत घरमालकाच्या खिशात जाते आणि कौन्सिलच्या तिजोरीत जवळजवळ काहीच येत नाही. फायदा एकाच्या खात्यात, खर्च दुसऱ्याच्या खात्यात, आणि मग दुसऱ्याला म्हणायचं की तुझं पार्क तोट्यात आहे! हा तोटा पार्कचा नाही, टॅक्सच्या पद्धतीचा आहे, आणि तो भरून काढायला हॉटेलवाला बोलावणं हा भलताच इलाज आहे.

खाजगीवाल्यांचा दुसरा मुद्दा मला पहिल्यापेक्षाही जड वाटतो, कारण तो डोळ्यांनी दिसतो. ते माँटपेलियरच्या रोटंडाकडे बोट दाखवतात. तीही चेल्टनहॅमचीच स्पाची इमारत, १८२५-२६ चा, पॅपवर्थ या आर्किटेक्टचा घुमट, रोमच्या पँथिऑनवरून सुचलेला. तिथे आधी बरीच वर्षं बँक होती, आता गेली काही वर्षं नावाजलेलं रेस्टॉरंट आहे आणि खरं सांगायचं तर घुमट सुंदर ठेवलाय. मग पिटव्हिलला का नको? कारण रोटंडाचा घुमट बघायचा तर आता टेबल बुक करावं लागतं. दोनशे वर्षांपूर्वी तिथे वर्गणी भरणारेच जायचे, आज बिल भरणारेच जातात, मधल्या सगळ्या काळात ती जागा गावाची कधी झालीच नाही. आणि इमारत नेहमी टिकतेच असंही नाही. हाय स्ट्रीटवरच्या असेंब्ली रूम्स, म्हणजे नाच आणि समारंभांचे हॉल, १८१६ मध्ये ड्यूक ऑफ वेलिंग्टनच्या हजेरीत उघडल्या, गावातली सगळ्यात मानाची जागा, आणि १९०० मध्ये पाडून तिथे लॉइड्स बँकेची इमारत उभी केली. पाडायचं ठरवलं तेव्हा गावाला विचारायची गरजच नव्हती, मालक तयार होता, बास. उद्या पिटव्हिल पाडणार नाहीत, लिस्टिंग आहे, इंग्लंडमधल्या लिस्टेड इमारतींपैकी शंभरातल्या जेमतेम अडीच ग्रेड वन असतात आणि ही त्यातली आहे. पण न पाडता बंद करता येते, हे लोक विसरतात.

बक्स्टन या दुसऱ्या स्पाच्या गावाचं उदाहरण पण सारखं फेकलं जातं, की बघा तिथला क्रेसेंट कसा झकास हॉटेल झाला. झाला, मान्य, आर्किटेक्ट जॉन कारची ती अर्धवर्तुळाकार इमारत वाचली हे चांगलंच झालं. पण ते कसं झालं तेही सांगा ना. कितीतरी वर्षं ती रिकामी आणि कुजत होती, सार्वजनिक पैशातून ती आधी वाचवावी लागली, मग हेरिटेज लॉटरीचे, म्हणजे लॉटरीतून वारशासाठी बाजूला काढलेल्या सार्वजनिक निधीचे, कोट्यवधी पौंड त्यात ओतले, काम वर्षानुवर्षं लांबलं आणि २०२० मध्ये एकदाचं हॉटेल उघडलं. म्हणजे धोका लोकांनी घेतला आणि खोल्या हॉटेलने विकल्या. याला खाजगीकरणाचं यश म्हणायचं असेल तर मग सार्वजनिक पैशाला नावं ठेवायची बंद करा.

आता दुसऱ्या बाजूला, म्हणजे "काहीच नको" वाल्यांकडे वळतो, कारण पिटव्हिलचं नुकसान तेही करतात आणि प्रेमापोटी करतात म्हणून त्यांना कोणी बोलत नाही. त्यांच्या मनात अशी एक प्रतिमा आहे की पंप रूम म्हणजे शांत, पवित्र जागा आणि धंदा ही हल्लीची घाण. पण पिटने बांधली तेव्हाच तिथे बिलियर्ड्सची खोली होती, लायब्ररी होती, वाचनाची खोली होती, बँड वाजायचा, आणि हे सगळं पैसे भरणाऱ्यांसाठी होतं. कौन्सिलने घेतल्यावरही पंप रूमच्या बाजूच्या बागेला विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत प्रवेश फी होती. दुसऱ्या महायुद्धात इमारत लष्कराने घेतली, अमेरिकन सैन्याने वापरली, नंतर लाकडात कोरडी बुरशी पसरली, छतापासून सगळं दुरुस्त करून १९६० मध्ये ती परत उघडली. तेव्हापासून तिथे चेल्टनहॅम म्युझिक फेस्टिव्हलच्या मैफली होतात, सकाळच्या वेळी त्या हॉलमध्ये चौघांचं स्ट्रिंग क्वार्टेट ऐकणं हा काय अनुभव आहे हे ज्याने ऐकलंय त्याला विचारा. ती मैफल म्हणजे पण हॉलचा वापरच आहे. मग शनिवारी लग्न असलं तर दगडाला काय होतं? चहा-केकच्या कॅफेने खांब झिजतात का? उलट लोक आत येतात, बसतात, आजीआजोबांना टॉयलेट मिळतं, थंडीत लहान पोरं घेऊन आलेल्या आयांना टेकायला जागा मिळते. इमारत वापरात असली की गळकं छत महिन्यात कळतं, बंद असली की दहा वर्षांनी कळतं. वारसा जपणाऱ्यांनी तरी हे समजून घ्यायला हवं.

पण वापर म्हणजे वाट्टेल तो वापर नाही, आणि इथे मात्र मी त्यांच्या बाजूला उभा आहे. आतला वापर आणि बाहेरचा वापर यात फरक आहे. हॉल भाड्याने दिला तर एक दिवस हॉल जातो. पार्कला कुंपण घातलं तर गावाचा श्वास घ्यायचा रस्ता जातो, आणि तंबू उठल्यावरही जातो, कारण गवत महिनोन् महिने परत येत नाही. गावातल्याच इंपीरियल गार्डन्स आणि माँटपेलियर गार्डन्स या बागांमधल्या फेस्टिव्हलच्या तंबूंवरून चेल्टनहॅमकर वर्षानुवर्षं भांडतायत ते याच कारणाने, आणि हॅरोगेट या स्पाच्या गावात २०१९ च्या सायकलिंग वर्ल्ड चॅम्पियनशिपला पाऊस पडला तेव्हा तिथल्या स्ट्रे नावाच्या मोकळ्या हिरवळीचा अक्षरशः चिखल झाला होता. हे फेस्टिव्हल वाईट आहेत असं मी म्हणत नाही, गावाची ओळखच त्यांनी बनवलीय. पण किती दिवस, किती जागा, याची रेघ कुठेतरी मारायला हवी, आणि गंमत नाही, ती रेघ व्हिक्टोरियन लोकांनी मारून ठेवलेली आहे. १८९० च्या पब्लिक हेल्थच्या कायद्यात कौन्सिलला जत्रा, प्रदर्शनं वगैरेंसाठी पार्क बंद ठेवायची मुभा दिली ती वर्षातून जास्तीत जास्त १२ दिवस. नंतरच्या कायद्यांनी कौन्सिलला त्याहून मोकळे हात दिले, २०१७ मध्ये लंडनच्या फिन्सबरी पार्कच्या केसमध्ये कोर्टानेही ते उचलून धरलं. कायदा सैल झाला म्हणून त्यामागचा विचार चुकीचा ठरतो का? वर्षातले १२ दिवस गावाने उत्सवाला द्यावेत आणि बाकीचे सगळे दिवस उत्सवाने गावाला, यापेक्षा जास्त शहाणी तडजोड मला अजून कोणी सुचवलेली नाही.

आणि आत विका, बाहेर फुकट ठेवा हा विचारसुद्धा माझा नाही, स्पाच्या गावांनी तो कधीच करून ठेवलाय. हॅरोगेटला १८४२ मध्ये रॉयल पंप रूम बांधली, आत छान कपात पैसे देऊन पाणी, आणि बाहेर भिंतीला एक नळ, ज्याला परवडत नाही त्याला तेच गंधकाचं पाणी फुकट. हा कोणाचा दयाळूपणा नव्हता, कायद्यातच तशी अट होती. त्याच गावात १७७८ च्या निवाड्याने स्ट्रेची २०० एकर जमीन कायमची मोकळी, कुंपणाशिवाय ठेवायला लावली म्हणून ती आजही आहे. लेमिंग्टन या आणखी एका स्पाच्या गावात अर्ल ऑफ एल्सफर्ड या जमीनदाराच्या जमिनीवरच्या झऱ्याचं पाणी गोरगरिबांना फुकट होतं, आणि तिथली पंप रूम गार्डन्स आधी फक्त गिऱ्हाइकांसाठी होती ती १८७५ मध्ये सगळ्यांना उघडली. म्हणजे ज्या काळात गरिबाला मत द्यायचा हक्क नव्हता त्या काळातसुद्धा लोकांना कळत होतं की पाणी आणि मोकळी जमीन पूर्णपणे बाजारात टाकायची नसते. आपण त्यांच्याहून मागे जायचं?

एक आक्षेप खास आपल्या लोकांकडून येतो, आणि तो मला मनापासून महत्त्वाचा वाटतो. इथल्या मराठी मंडळींमध्ये बोलणं निघालं की कोणीतरी म्हणतंच, अरे हे सगळं आपल्याच पैशातून उभं राहिलंय, आपण कशाला त्याचे अश्रू गाळायचे? यात तथ्य आहे. चेल्टनहॅम हे ईस्ट इंडिया कंपनीच्या रिटायर्ड अधिकाऱ्यांचं आवडतं गाव होतं, लष्करातले, महसुलातले लोक इथे येऊन घरं घ्यायचे, भारतात बिघडलेल्या पोटावर आणि लिव्हरवर इथलं पाणी प्यायचे, आणि त्यांची पेन्शन भारतातल्या महसुलातून यायची. दादाभाई नौरोजी भारतातून संपत्ती वाहून जाते म्हणून आकडे मांडत होते त्यात असल्या पेन्शनी होत्या. त्या असेंब्ली रूम्स उघडायला आलेला वेलिंग्टन म्हणजे १८०३ मध्ये आपल्या जालन्याजवळच्या आसईला शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी लढलेला आर्थर वेलस्लीच. हे सगळं खरं आहे आणि पंप रूमच्या माहितीच्या फलकावर ठळकपणे लिहायला हवं असं माझं मत आहे. पण यातून निष्कर्ष काय निघतो? ती जागा परत श्रीमंतांच्या ताब्यात द्यावी असा? ज्या पैशात शेतकऱ्याचा सारा मिसळलेला आहे त्या पैशावर वाढलेल्या गावातली बाग फक्त खोलीचं भाडं भरणाऱ्यांना दिसावी, यात आपल्याला कसला न्याय मिळणार आहे? उलट ग्लॉस्टरच्या हॉस्पिटलमध्ये नाईट ड्युटी करणारी आपली नर्स, आयटीतला पोरगा, त्यांना भेटायला आलेले सोलापूरचे आईबाबा, हे सगळे त्याच तळ्याकाठी कोणालाही न विचारता फिरू शकतात ते कौन्सिलने जागा विकत घेतली म्हणून. आणि या गावाचं भारताशी नातं फक्त पेन्शनीचं नाही, पार्कच्या दरवाजापासून जवळच्या एका घरात १८७४ मध्ये संगीतकार गुस्ताव्ह होल्स्ट जन्मला, तो पुढे संस्कृत शिकला आणि ऋग्वेदातल्या सूक्तांना स्वतः इंग्रजीत आणून त्याने संगीत दिलं. त्याचं घर आता म्युझियम आहे, आलात तर जरूर बघा.

शेवटी कामाचं बोलतो. कौन्सिलांचं विलीनीकरण होताना मालमत्तांच्या याद्या होणार, आणि यादीत पिटव्हिल "उत्पन्न देणारी मालमत्ता" म्हणून गेलं की पुढचं सगळं त्या एका शब्दाने ठरेल. २०२३ मध्ये श्रूझबरीच्या एका मैदानाच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की लोकांच्या वापरासाठी ट्रस्टमध्ये असलेली जमीन कौन्सिलने नियमाप्रमाणे जाहीर न करता विकली तर विकल्यानंतरही लोकांचा हक्क संपत नाही. म्हणजे कागद नीट असले तर कायदा आपल्या बाजूने उभा राहतो. त्यामुळे चेल्टनहॅमच्या लोकांनी आत्ता, नवं कौन्सिल बनायच्या आधी, बरो कौन्सिलकडून काही गोष्टी लेखी मागायला हव्यात असं मला वाटतं. पार्कची जमीन कुठल्या कायद्याखाली धरलेली आहे ते जाहीर करा, वर्षातून किती दिवस कुंपण घालता येईल त्याचा आकडा ठरावात घाला, हॉल भाड्याने नसेल त्या दिवशी कोणत्या वेळी उघडा राहील त्याचं वेळापत्रक दरवाजावर लावा, आणि भाड्याचे पैसे पंप रूमच्या छतालाच जातात की दुसरीकडे हे दरवर्षी दाखवा. फ्रेंड्स ऑफ पिटव्हिल या स्वयंसेवी गटासारखे लोक तिथे वर्षानुवर्षं स्वतःच्या हातांनी काम करतायत, त्यांना या ठरावात बोलायचा हक्क असावा, नुसती सल्ल्याची खुर्ची नको. आणि जे मराठी लोक या गावात राहतात, टॅक्स भरतात, मत देतात, त्यांनीही कन्सल्टेशनचा फॉर्म आला की "आपल्याला काय करायचंय" म्हणून तो बाजूला टाकू नये, दोन ओळी का होईना भरून पाठवाव्यात.